प्रश्नचिन्ह, दोन टिंबं आणि एक शून्य

खोरवाडीला बघण्यासारखं काही नाही. कन्नडच्या रस्त्यानं जाणारे लोक लेण्यांसाठी जातात, किल्ल्यासाठी जातात, पुढं घाटातल्या वाऱ्यासाठी जातात. खोरवाडीच्या फाट्यावर कुणी उतरत नाही. मी उतरलो. परत येऊन महिना झाला आणि अजूनही कुणी 'कसा झाला प्रवास?' विचारलं की मी 'छान' एवढंच म्हणतो. मुळातच मी कमी बोलणारा. पण हा प्रवास 'छान' म्हणून मिटवण्यातला नाही, म्हणून लिहायला बसलोय. गावाचं नाव बदललं आहे, माणसांची नावंही. माझ्याबद्दलचं तेवढं जसंच्या तसं आहे.

गारखेडा

मी पुण्यात राहतो आणि मोबाइलची ॲपं लिहितो. त्याआधी काही वर्षं इथं, बहिणीच्या या शहरात होतो. गारखेड्यात एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस होतं आणि त्याच्या खिडकीतून ज्वारीचं शेत दिसायचं. या खेपेला बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, गच्चीवर उभा राहून मी ते शेत शोधलं. नव्हतं. सकाळच्या धुरकट उजेडात चहूकडं अर्धवट उभ्या इमारती होत्या आणि त्यांच्यावर टाकलेल्या हिरव्या जाळ्या वाऱ्यानं इतक्या सावकाश हलत होत्या, की सगळं शहर मच्छरदाणी लावून झोपलंय असं वाटावं.

आमच्या धंद्यात नव्या भाषांनी एक सोय आणली आहे. चालू ॲप बंद न करता त्यातली एखादी ओळ बदलायची आणि बदल त्याच क्षणी पडद्यावर बघायचा. निळं बटण डोळ्यांदेखत हिरवं होतं. पूर्वी ॲप पाडून पुन्हा उभं करावं लागायचं, तेवढ्यात आमचा चहा पिऊन व्हायचा. गच्चीवरून बघताना वाटलं, या शहरातही कुणीतरी तसंच करतंय. शेताच्या ओळीवर मजले, आंब्याच्या ओळीवर मॉल. आणि शहर एकदाही थांबलेलं नाही. पाण्याची ओळ तेवढी कुणी बदललेली नाही.

त्या दिवशी अक्काच्या गल्लीत पाण्याचा दिवस होता. पुण्यात आमच्या सोसायटीत नळाला पाणी कधी येतं हे कुणालाच माहीत नसतं, कारण ते गेलेलंच नसतं. इथं गल्लीची सगळी पंचांगं पाण्यावर चालतात. आज पाणी म्हणजे कुणी बाहेर जायचं नाही, कुणाकडं पाहुणा जायचा नाही, साखरपुड्याची बैठकसुद्धा उद्यावर. सगळ्या घरांतून एकाच वेळी मोटारी सुरू झाल्या आणि गल्लीभर एक लांबलचक गुणगुण पसरली. मला पुन्हा झोप यायला लागली.

अक्कानं सुशीला केला होता. चुरमुरे भिजवून, शेंगदाणे, डाळवं, मिरची, वरून ओलं खोबरं. पुण्यात मी हा पदार्थ लोकांना पोह्यांचा भाऊ म्हणून समजावतो. खाल्ल्याशिवाय तो समजत नाही.

"व्याख्यानाला आलायस ना? मग इतका गप्प का?" अक्का म्हणाली. "चोवीस तास पाणी पितोस आणि तोंड कोरडं ठणठणीत. तिथं पोरांपुढं तरी बोलणार आहेस का, नुसती चित्रं दाखवणार?"

"बोलेन."

"बघा! एक शब्द. यालासुद्धा मीटर लावलाय वाटतं."

व्याख्यान बायपासच्या पलीकडच्या एका कॉलेजात होतं. विषय त्यांनीच दिलेला: मोबाइल ॲप सोपं करणारी नव्या भाषांची वैशिष्ट्यं. खरं सांगायचं तर व्याख्यान हे निमित्त होतं. माझ्या पिशवीत एक जुना लॅपटॉप होता, जो व्याख्यानाला लागणार नव्हता.

दुपारी दोनचं ऊन, पंख्यांचा एकसुरी आवाज, जेवून आलेली दोनशे मुलं. मी त्यांना सांगितलं की नवी भाषा समजूतदार असते. 'तीन' लिहिलं की हा आकडा आहे हे तीच ओळखते, वेगळं सांगावं लागत नाही. सांगितलं की पूर्वी इंटरनेटवरून माहिती येईपर्यंत पडदा गोठून बसायचा, आता भाषा एका शब्दात 'ते येईस्तोवर थांब, पण बाकीचं चालू दे' म्हणू देते. एसटी लागेपर्यंत स्टँडवर रसवंतीला जाऊन येणाऱ्या माणसासारखी. मुलं हसली. मग सगळ्यात मोठ्या वैशिष्ट्याकडं आलो. नवी भाषा तुम्हाला विचारते, की इथं काही आलंच नाही तर काय? माणसानं रकाना रिकामा सोडला तर? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही. ओळीखाली लाल रेघ मारून बसते.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. बोलण्यावरून पैठणकडची असावी.

"सर, पन आमी काय करतो, लाल रेघ आली की शून्य टाकून देतो. रेघ जाती. चालतंय की."

हशा झाला.

"चालत नाही," मी म्हणालो.

"कामून चालत नाय?"

"नियम आहे."

"नियम कशापायी केला पन, सर?"

आणखी हशा. मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं चित्र दाखवलं. ती मुलगी बराच वेळ उभीच होती, मग बसली. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या अख्ख्या सभागृहात एकट्या मला माहीत होतं, आणि ते इथून साठेक किलोमीटरवर राहत होतं.

अक्काला सांगितलं, "उद्या कन्नडला एकाला भेटून येतो."

"कुणाला रे?"

"ओळखीचे आहेत."

ओळख नव्हती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

कन्नडचा रस्ता

एसटीत खिडकी मिळाली. दौलताबादचा डोंगर उन्हात कापरासारखा दिसत होता, आत्ता आहे आणि आत्ता उडून जाईल असा. खुलताबादच्या चढावर हवा थोडी हलकी झाली, तिथंच डोळा लागला. जागा झालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगच्या कमानी होत्या. कमानीच्या आत काहीच नव्हतं. चुन्यानं आखलेले रस्ते, नंबर घातलेले दगड आणि मधोमध सिमेंटचा न उडणारा कारंजा. पुन्हा डोळा लागला. या झोपेच्या आणि जागेपणाच्या मधल्या पट्ट्यात, जी गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती ती मनात अगदी सरळ, क्रमानं उलगडत गेली. तशीच इथं लिहितो.

तेही दुष्काळाचं वर्ष होतं. एका संस्थेला काही गावांच्या टँकरसाठी ॲप हवं होतं आणि ते आमच्या ऑफिसला मिळालं. काम साधं. प्रत्येक गावात पाण्याची नोंद ठेवणारं कुणीतरी एक माणूस. त्यानं रोज संध्याकाळी उद्या किती खेपा लागतील तो आकडा ॲपमध्ये भरायचा. आकड्यांवरून टँकरची यादी निघायची. शून्य असलेलं गाव यादीत यायचं नाही.

ॲप मी लिहिलं. नव्या भाषेत, कौतुकानं. आकड्याच्या रकान्याच्या ओळीवर भाषेनं मला विचारलं, रकाना रिकामा आला तर? लाल रेघ आली. मी पुढं एक प्रश्नचिन्ह, दोन टिंबं आणि एक शून्य टाकलं. त्याचा अर्थ, रिकामं असेल तर शून्य धर. रेघ गेली. मी पुढच्या ओळीवर गेलो. या सगळ्याला दोन सेकंद लागली असतील.

बाकी गावांत हे काम तरुण पोरं करत होती, ती रोज आकडा दाबायची. खोरवाडीत ते काम चंद्रकलाबाई नावाच्या एका बाईंकडं होतं. त्या आधीपासून वहीत नोंद ठेवायच्या आणि वहीची त्यांची रीत अशी, की आकडा बदलला तरच लिहायचा. तोच असेल तर जागा मोकळी सोडायची, म्हणजे वरीलप्रमाणे. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या वह्या अशाच लिहिल्या जातात. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी तीन भरलं. तीन खेपा आल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी रकाना मोकळा सोडला आणि 'पाठवा' दाबलं. ॲपनं हिरवी खूण दाखवली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या संध्याकाळी तसंच.

चार दिवस खोरवाडीत टँकर गेला नाही. गावानं फोन केले. पलीकडून उत्तर मिळालं, तुमच्याकडूनच शून्य आलंय.

टँकर बंद झाल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी ही तक्रार माझ्या टेबलावर आली. चूक शोधायला मला दहा मिनिटं लागली. ती ओळ मी बदलली. रकाना रिकामा असला की आता ॲप 'आकडा भरा' म्हणायला लागलं. मग ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "कुणाची चूक?" मी म्हणालो, "गावातून शून्य आलंय." कागदावरही तेच लिहून दिलं: गावपातळीवर नोंद करताना झालेली चूक. संस्थेनं तो कागद गावाला दाखवला. पुढच्या महिन्यात मला पगारवाढ मिळाली आणि वर्षाच्या आत पुणं. जाण्याआधी संस्थेचा एक कार्यकर्ता सहज बोलता बोलता म्हणाला, "त्या बाईकडून वही काढून घेतली गावानं. लई बेकार झालं तिचं." मी 'अरेरे' म्हणालो. खरंच म्हणालो.

कन्नडला उतरलो तर बाजाराचा दिवस. टोमॅटोच्या लाल राशी, कांद्याचा वास, भोंग्यावरून उंदराच्या औषधाची जाहिरात. एका गाड्यावर गरम भजी आणि तळलेली मिरची खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात तेवढंच मुबलक, असं गाडेवाला म्हणाला. काळीपिवळीच्या ड्रायव्हरला फाटा सांगितला तेव्हा त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघितलं.

"खोरवाडी? साब, उधर तो कुछ बी नै."

"एकाकडं जायचंय."

"जमीन देखने आये क्या? सब लोगां आजकल उसीच के लिए आते."

माझ्या मांडीवर एका आजींनी मिरच्यांची पिशवी ठेवली होती, त्यामुळं नाही म्हणून मान हलवायच्या आधीच मला शिंक आली. जीपमधले सगळे हसले. शिवनेच्या पुलावरून गेलो. नदीच्या पात्रात पांढरे गोटे पसरलेले होते आणि त्यांच्यावर उन्हाची अशी लहर उठत होती, की क्षणभर वाटलं, वाहतेय.

खोरवाडी

चंद्रकलाबाई घरापुढच्या कडुलिंबाखाली गोधडी शिवत बसल्या होत्या. पन्नाशीच्या. चष्मा दोऱ्यानं कानामागं बांधलेला. मी नाव सांगितलं, पुण्याहून आलो म्हणालो. कामाचं काही विचारायच्या आधी त्या उठल्या आणि पितळी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

पुण्याच्या सवयीनं मी अर्धं पाणी प्यालो आणि तांब्या खाली ठेवला. आमच्याकडं तळ गाठेपर्यंत पिणं अडाणीपणाचं समजतात. त्यांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. उरलेलं पाणी कोपऱ्यातल्या तुळशीला घातलं. तुळस म्हणजे दोन काटक्या आणि चार पानं होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कामून आलाव?" त्या सुई ओवत म्हणाल्या.

मी जुना लॅपटॉप काढला. ती ओळ त्यात होती, इतकी वर्षं मी ती पुसली नव्हती. बटण दाबलं. पडदा उजळला, बॅटरीचं लाल चित्र दाखवलं आणि विझला.

"लाइट सांजंला येती," त्या म्हणाल्या. "काय दाखवायचंय?"

मग मी सांगितलं. टँकरचं ॲप मीच लिहिलं होतं, तुम्ही शून्य भरलं नव्हतं, रकाना मोकळा होता आणि ॲपनं तो शून्य धरला. बोलताना मी गोधडीकडं बघत होतो. तिच्यात जुन्या साड्यांचे चौकोन होते, एक फिकट जांभळा, एक विटकरी, आणि टाक्यांची रेघ त्यांच्यातून मुंगीसारखी चालली होती. ती थांबली.

लिंबाची पिवळी पानं एकेक करून पडत होती.

"मी शून्य दाबलं नव्हतं?"

"नाही."

"पन मोबाईलात शून्य दिसलं ना. संस्थेच्या बाईनं दाखवलं. मी या डोळ्यानं पायलं. चार दिवसाचे चार." त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. "मलाच वाटलं, माझंच बोट लागलं आसंल. मला कळलं बी नसंल. तवापासून मी मोबाईलाला हात लावला की दुसऱ्याला इचारते, बघ गं, मी काय दाबलं."

हे मला माहीत नव्हतं. वाटेत जेवढ्या म्हणून शक्यता मी मनात मांडल्या होत्या, राग, शिव्या, दार लावून घेणं, त्यांत ही नव्हती. मला वाटलं होतं, तिला निदान स्वतःचं तरी खरं ठाऊक असेल.

"कसं लिवलं व्हतं ते लिवून दाखवा," त्या म्हणाल्या.

चुलीतला कोळसा आणून दिला. मी ओट्यावर लिहिलं: प्रश्नचिन्ह, दोन टिंबं, शून्य. त्यांनी चष्मा सारखा केला.

"यवढंच?"

"एवढंच."

"हे पैलं?"

"भाषा विचारते, रिकामं आलं तर?"

"आन तुमी सांगितलं, शून्य."

"हो."

"मला इचारायचं ना. फोन व्हता माझ्याकडं. मी सांगितलं असतं, मोकळं म्हंजे वरचंच." रागानं नाही म्हणाल्या, एखाद्यानं जवळची पाऊलवाट सोडून लांबच्या रस्त्यानं यावं आणि यजमानानं हळहळावं, तसं. मग गोधडीत सुई टोचून ठेवली. "चला."

"कुठं?"

"हिनं टँकर प्लॉटिंगवाल्याला इकला असं बोलत व्हते माणसं. भावकीनं ठरवलं, घरोघर जाऊन चूक कबूल कर, पाया पड. मी येक्कावन्न घरं फिरले. लेकरू कडंवर घेऊन सून दारात आली तरी तिच्या पाया पडले." चपला पायात सरकवल्या. "तुमी पाया पडू नका. नुसतं सांगा."

घरं

पहिलं घर त्यांच्या जावेचं, कांताबाईंचं. आता पाण्याची वही त्यांच्याकडं होती. दारातच बसून त्या शेंगा फोडत होत्या.

"हे पुन्याचे सायेब हायेत. तुला काय सांगायचंय त्यांना."

"ॲपमध्ये एक चूक झाली होती," मी म्हणालो आणि पुढचं सांगितलं.

"चूक कुणाची?" कांताबाई.

"ॲपची."

"ॲपला हात असत्यात व्हय?"

बाहेर आल्यावर चंद्रकलाबाई म्हणाल्या, "म्होरच्या घरी नीट सांगा."

पुढच्या घरी मी 'आमच्याकडून चूक झाली' म्हणालो. तिथला दाढीवाला माणूस म्हणाला, "आमच्या म्हंजे कोनकोन? नावं घ्या की." तिसऱ्या घरी माझ्याच्यानं 'मी' निघालं, पण पुटपुटल्यासारखं. चौथ्या घरी भीमराव दादा नावाचे ऐंशीचे म्हातारे होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

"काय म्हंतो ह्यो?"

"ते शून्य मी लिहिलं होतं."

"आं?"

"शून्य मी लिहिलं होतं! बाईंनी नाही!"

"बोंबलतो कशाला? बहिरा हाय का मी?" दादा म्हणाले, आणि शेजारच्या तीन घरांतली माणसं एकदम दारात आली. त्यामुळं पाच, सहा आणि सात एका दमात उरकली असं मला वाटलं. चंद्रकलाबाईंना तसं वाटलं नाही. त्या प्रत्येक दाराशी वेगळ्या थांबल्या.

उन्हाची धार हळूहळू मऊ होत गेली. त्या पुढं आणि मी मागं, अशी ती चाल मला अजून स्वप्नात येते. मातीच्या भिंती, पत्र्याचे दरवाजे, दारापुढं रिकामे निळे ड्रम ओळीनं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य. पंधरा-वीस घरांनंतर त्यातले शब्द मला परके वाटेनात. कुठं चहा मिळाला, कपभर नाही, बशीभर. कुठं ज्वारीचा पापड. एका घरच्या बाईंनी ऐकलं, हसल्या आणि म्हणाल्या, "मंग आमी हिला बोललो ते सगळं वायाच गेलं की!" आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेल्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

एका घरचा माणूस मात्र उठून उभा राहिला. त्यानं त्या चार दिवसांत म्हैस विकली होती.

"सॉरी म्हनायला आलाव?"

"हो."

"मला नगं तुमची सॉरी. म्हैस गेली ती गेली." त्यानं चंद्रकलाबाईंकडं बघितलं, लगेच नजर काढली. "मी हिला भर चावडीत बोललोय. काय बोललो ते हिच्यापुढं परत तोंडातून निघत नाय. ते आता मी कसं माघारी घेऊ, ते सांगा. त्येच्यासाठी काय निघालंय का तुमच्या मोबाईलात?"

चंद्रकलाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. म्होरची घरं हायेत."

तीन घरांना कुलूप होतं. माणसं चितेगावला, कंपन्यांत. मला वाटलं, ही सुटली. चंद्रकलाबाईंनी फोन काढला, नंबर लावला, मोठ्या आवाजावर टाकला आणि माझ्यापुढं धरला. पलीकडं यंत्रांचा खडखडाट.

"नमस्कार, मी पुण्याहून बोलतोय, तुमच्या गावच्या..."

"मला काय बी घ्यायचं नाय!" फोन बंद.

त्यांनी पुन्हा लावला. "आरं दत्ता, चंद्राकाकू बोलतीय. ठिवू नको. ऐक." दत्तानं ऐकलं. शेवटी म्हणाला, "काकू, खरं का?" "खरं दिसतंय," त्या म्हणाल्या. यंत्रांचा आवाज तेवढा येत राहिला.

प्रत्येक घरी मी प्रश्नचिन्ह सांगितलं, टिंबं सांगितली, शून्य सांगितलं. न बघता, न विचारता टाकलं हेही सांगितलं. लोकांना ते पटलं. नजरचुकीनं काय बी होतं सायेब, असं दोन-तीन जण उलट मलाच म्हणाले, आणि मी मान हलवली. दहा मिनिटांत चूक सापडली होती आणि तरीही मी कागदावर चूक गावाच्या माथी मारली, हे एकाही उंबऱ्यावर सांगितलं नाही. ती गोष्ट माझ्यासोबत घरोघर फिरत होती, पाहुण्यासारखी, आणि कुणी तिला या-बसा म्हणत नव्हतं.

चंद्रकलाबाई बोटांची पेरं मोजत होत्या. पश्चिमेकडचा डोंगर तांबूस झाला होता तेव्हा म्हणाल्या, "येक्कावन्न झाली. येक ऱ्हायलं."

"कुणाचं?"

त्या लिंबाखाली आल्या, पायरी चढल्या, चपला काढल्या आणि घरात गेल्या. मग वळल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. बाकीच्या घरांतल्या बायका उभ्या होत्या तशाच.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मी एकावन्न वेळा म्हटलेलं वाक्य सुरू केलं. ते अर्ध्यावर थांबलं. दारात ही बाई उभी असताना ते पुढं जाईना.

"मला पाचव्या दिवशी सकाळीच कळलं होतं," मी म्हणालो. "दहा मिनिटांत. ओळ मी लगेच बदलली. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गावाची चूक. लिहूनही दिलं. तुम्हाला दाखवला तो कागद माझा होता."

"पाचव्या दिवशी?"

"हो."

"मी घरोघर गेले ते आठव्या दिवशी."

"हो."

"म्हंजे मी पाया पडत फिरत व्हते तवा तुमाला ठाव व्हतं."

"वही काढून घेतल्याचं नंतर कळलं. पाया पडल्याचं आज. पण चूक माझी आहे, हे ठाव होतं."

आत कुठंतरी लाइट आली होती. पंखा खडखडत फिरायला लागला आणि त्यांच्या पदराचं टोक हललं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. दुपारपासून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं एवढा वेळ बघितलं. मला वाटलं, आता दार लावतील. तसं झालं असतं तर मला ते चाललं असतं. मी फाट्यापर्यंत चालत गेलो असतो आणि आयुष्यभर त्या लावलेल्या दाराबद्दल वाईट वाटून घेतलं असतं. ते मला जमतं.

त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. खाली वाकून चपला घातल्या, आधी एक, मग दुसरी.

"हे लोकांना सांगितलंच न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "चला. कांताच्या घरापासून."

आणि पुढं चालायला लागल्या. मी पिशवी लिंबाखाली ठेवली आणि त्यांच्या मागं निघालो. कांताबाईंच्या दारात अजून शेंगांची टरफलं पडलेली होती.